नोंदवहीतून निर्देशिकेत : संगणकीय खाती आपोआप कशी उघडली जातात

शासनाचे कोणतेही काम असो, त्याचा आरंभ एखाद्या यादीपासून होतो. शिष्यवृत्ती द्यावयाची तर विद्यार्थ्यांची यादी लागते, वेतन द्यावयाचे तर कर्मचाऱ्यांची, धान्य द्यावयाचे तर शिधापत्रिकाधारकांची. यादीत ज्याचे नाव असते त्याला आपला हक्क मागता येतो; ज्याचे नाव नसते त्याला आधी आपण आहोत हेच सिद्ध करावे लागते. ही गोष्ट जुनीच आहे. नवी गोष्ट एवढीच की, यादीवरून माणसाला संगणकीय व्यवस्थेत प्रवेश देण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी कारकुनाऐवजी संगणकाची आज्ञावली करते. ती हे काम कोणत्या रीतीने करते, आणि त्यात गावकऱ्यांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी कोठे लक्ष घालावयास हवे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. या लेखात ‘खाते’ हा शब्द शासकीय विभाग या अर्थाने किंवा बँकेतील खाते या अर्थाने आलेला नाही. संगणकाने एखाद्या व्यक्तीस ओळखावे व तिला नेमून दिलेली कामे करू द्यावीत यासाठी त्या व्यक्तीची जी नोंद ठेवली जाते, तिला येथे खाते म्हटले आहे.

लांजीचे उदाहरण कशासाठी?

विषय समजण्यासाठी आपण लांजी येथील एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करू. लांजी हे मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. तेथील जुना किल्ला आणि कोटेश्वराचे देऊळ सर्वपरिचित आहे. महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा या भागाला लागून आहे आणि छत्तीसगडची सीमाही दूर नाही. १८२०-२१ च्या सुमारास भंडारा हे जिल्ह्याचे ठाणे झाले; त्यापूर्वी या मुलखाचा कारभार लांजीहून कमाविसदारामार्फत चालत असे. म्हणजे सभोवतालच्या गावांची दप्तरे एके काळी याच गावाच्या आधाराने ठेवली जात होती. पुढे १८६७ पासूनच्या काही वर्षांत भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा घडविण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा जिल्हा तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला.

राज्ये वेगळी झाली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच आडनावे आहेत. घरात मराठी किंवा पोवारी बोलली जाते, लांजीकडील शाळेचे व कचेरीचे काम हिंदीत चालते आणि संगणकावरील नाव बहुधा रोमन लिपीत लिहिले जाते. परिणामी एकच नाव तीन ठिकाणी तीन रूपे घेते. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रातील मनुष्य रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ या अक्षराने सुरू करतो, तर हिंदी उच्चाराप्रमाणे लिहिणारा ‘जी’ने सुरू करतो. मराठीतील ‘काळे’ हिंदी नोंदीत ‘काले’ होते, कारण हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ नाही. कारकून समोर असता तर त्याने विचारले असते, “बाबा, हा तूच ना?” आज्ञावली असे विचारीत नाही. तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे असतात. म्हणूनच यंत्राने खाती उघडण्याचे गुणदोष जितके सीमाभागात स्पष्ट दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतील.

निर्देशिका म्हणजे काय?

दूरध्वनी खात्याची जाडजूड निर्देशिका अनेक वाचकांनी पाहिली असेल. तीत नाव शोधले की क्रमांक मिळे. संगणकीय निर्देशिका याच कल्पनेचा विस्तार आहे. संस्थेतील प्रत्येक व्यक्तीची एक नोंद एका मध्यवर्ती संगणकावर ठेवलेली असते; या संगणकास निर्देशिका सर्व्हर म्हणतात. प्रयोगशाळेतील संगणक, ग्रंथालयाची व्यवस्था, टपालाची व्यवस्था ही सर्व त्याच सर्व्हरला विचारतात की, समोर आलेली व्यक्ती कोण, तिचा पासवर्ड बरोबर आहे काय आणि ती कोणत्या गटात मोडते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी निराळे खाते व निराळा पासवर्ड ठेवावा लागत नाही.

अशा निर्देशिकांचे ‘एक्स ५००’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली तयार झाले. ते लहान संगणकांना जड जात असल्यामुळे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात त्यावरून एक सुटसुटीत पद्धत विकसित झाली आणि १९९३ साली तिचे पहिले अधिकृत टिपण प्रसिद्ध झाले. ही पद्धत ‘एलडॅप’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. तिची तिसरी आवृत्ती १९९७ साली आली आणि पुढील सुधारणांसह तीच आज प्रचारात आहे. ‘ओपनएलडॅप’ हे मुक्त स्वरूपाचे सॉफ्टवेअर आणि मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ हे दोन्ही सर्व्हर ही भाषा जाणतात.

निर्देशिकेची रचना झाडासारखी असते. खोडाच्या ठिकाणी संस्था, मोठ्या फांद्यांच्या ठिकाणी ‘विद्यार्थी’, ‘शिक्षक’, ‘कार्यालय’ असे विभाग आणि त्यांवर पानांप्रमाणे एकेका व्यक्तीची नोंद. प्रत्येक नोंदीत ठरावीक रकाने असतात : प्रवेशनाम, पूर्ण नाव, आडनाव, पत्ता, गट, पासवर्ड इत्यादी. काही रकाने रिकामे चालतात, काही भरावेच लागतात. कोणते रकाने सक्तीचे, याचा नियम सर्व्हरमध्ये आधीच लिहिलेला असतो आणि त्याचा भंग करणारी नोंद सर्व्हर स्वीकारीत नाही.

आज्ञावली कोणते काम करते?

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयात पाचशे नवे विद्यार्थी आले असे समजू. एका माणसाने एकेक खाते हाताने उघडावयाचे म्हटले तर आठवडे जातील, आणि थकलेल्या हाताकडून चुका होतील त्या वेगळ्या. म्हणून पायऱ्यांचा क्रम एकदाच लिहून ठेवतात. या लिखित क्रमालाच आज्ञावली किंवा स्क्रिप्ट असे म्हणतात. चांगल्या आज्ञावलीच्या पायऱ्या साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

पहिली पायरी यादी वाचण्याची. प्रवेश-नोंदवहीवरून तयार केलेली संगणकीय यादी आज्ञावली ओळीओळीने वाचते. दुसरी पायरी तपासणीची. प्रवेश क्रमांक आहे काय, तोच क्रमांक दोनदा आला आहे काय, नावाच्या मागेपुढे रिकाम्या जागा राहिल्या आहेत काय, हे पाहिले जाते. सदोष ओळ आज्ञावली गाळून टाकीत नाही. ती वेगळ्या यादीत काढून ठेवते आणि माणसाच्या निर्णयाची वाट पाहते. तिसरी पायरी शोधाची. त्या प्रवेश क्रमांकाची नोंद निर्देशिकेत आधीच आहे काय, हे सर्व्हरला विचारले जाते. असेल तर नवी नोंद न करता केवळ बदललेले रकाने सुधारले जातात. नसेल तरच नवे खाते उघडले जाते.

या तिसऱ्या पायरीचे महत्त्व मोठे आहे. ती असल्यामुळे आज्ञावली एकदा चालवली काय किंवा दहा वेळा चालवली काय, परिणाम एकच राहतो. लांजीसारख्या ठिकाणी काम चालू असताना वीज गेली आणि तीनशेव्या विद्यार्थ्यापाशी गाडी अडली, तरी वीज आल्यावर आज्ञावली पहिल्यापासून पुन्हा चालवता येते. पहिल्या तीनशेंची दुहेरी खाती होत नाहीत आणि उरलेले दोनशे सुटत नाहीत.

चौथी पायरी प्रवेशनाम ठरविण्याची, पाचवी नोंद सर्व्हरवर पाठविण्याची आणि सहावी त्या विद्यार्थ्यास योग्य गटात घालण्याची असते. सातवी पायरी पासवर्डाची. येथे काही संस्था जन्मतारीख किंवा भ्रमणध्वनी क्रमांक हाच पहिला पासवर्ड ठेवतात. ही सवय घातक होय, कारण वर्गातील निम्म्या मुलांना एकमेकांची जन्मतारीख ठाऊक असते. प्रत्येकासाठी निराळा, अंदाज न करता येणारा पासवर्ड तयार करावा, तो बंद पाकिटातून त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा आणि पहिल्या प्रवेशाच्या वेळी तो बदलणे सक्तीचे करावे, ही योग्य रीत आहे. सर्व्हरवर पासवर्ड जसाच्या तसा ठेवीत नाहीत. गणिती प्रक्रियेने त्याचे असे रूपांतर करून ठेवतात की त्यावरून मूळ शब्द उलट काढणे अतिशय कठीण व्हावे.

आठवी व शेवटची पायरी रोजनाम्याची. कोणती नोंद केव्हा झाली, कोणती नाकारली गेली व कशासाठी, हे सर्व लिहून ठेवले जाते. पुढे एखादा विद्यार्थी “माझे खाते उघडलेच नाही” म्हणून आला, तर उत्तर अंदाजाने नव्हे, रोजनामा पाहून देता येते. शिवाय नवी आज्ञावली प्रत्यक्ष चालविण्यापूर्वी तिची रंगीत तालीम घेतात. तालमीत ती काहीही बदलत नाही. आपण काय केले असते, एवढेच छापून दाखवते. तो कागद प्रवेश-लिपिकाने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आडनाव नसलेल्या माणसाचे काय?

आता ज्या ठिकाणी खरा अडथळा येतो त्याकडे वळू. निर्देशिकेच्या प्रचलित नियमांत व्यक्तीच्या नोंदीसाठी दोन रकाने सक्तीचे आहेत : एक पूर्ण नावाचा आणि दुसरा आडनावाचा. पाश्चात्त्य देशांतील रिवाज गृहीत धरून हा नियम झाला. आपल्याकडे मात्र अनेकांच्या कागदपत्रांवर आडनाव नसते. कोणी केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव लिहितो. कित्येक स्त्रियांच्या नोंदीत नावापुढे ‘बाई’ एवढेच असते. आदिवासी वस्त्यांतील जुन्या नोंदीत तर अनेकदा एकच शब्द आढळतो. अशा व्यक्तीची ओळ आज्ञावलीने सर्व्हरकडे पाठविली की सर्व्हर ती नाकारतो. आज्ञावली नीट लिहिलेली नसेल तर ती ओळ मुकाट्याने सुटते. मग ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढला, त्याच विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचा संगणक ओळखत नाही.

यावरील उपाय साधा आहे. आडनाव नसेल तर सक्तीच्या रकान्यात व्यक्तीचे स्वतःचे नावच घालावे, असा नियम आज्ञावलीत स्पष्ट लिहावा. आडनावाच्या जागी जातीचे वा गावाचे नाव कल्पनेने भरू नये. संगणकात एकदा शिरलेले असे नाव पुढे दाखल्यावर उतरते आणि ते काढणे दुरापास्त होते.

नावाच्या लेखनाविषयीही असाच विवेक हवा. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीसह जगातील बहुतेक लिपी साठविता येतात. एवढेच नव्हे, तर एकाच व्यक्तीच्या नावाची मराठी व हिंदी रूपे भाषेची खूण लावून शेजारी शेजारी ठेवण्याची सोयही २००४ सालच्या मानकात आहे. तेव्हा ‘काळे’ व ‘काले’ ही दोन्ही रूपे एकाच नोंदीत सुखाने नांदू शकतात. संगणकाला मराठी येत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

मात्र ओळख पटविण्याचे काम नावावर सोपवू नये. नाव बदलते, विवाहानंतर आडनाव बदलते, लेखन बदलते आणि एका वर्गात एकाच नावाचे तिघे असू शकतात. म्हणून प्रवेशनाम नावावरून न बनविता प्रवेशाचे वर्ष व अनुक्रमांक यांवरून बनविणे श्रेयस्कर. क्रमांकाचे महत्त्व आपल्या प्रशासनाने पूर्वीच ओळखले आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. मध्य प्रदेशात ‘समग्र’ या व्यवस्थेखाली कुटुंबास ८ अंकी व कुटुंबातील प्रत्येक सदस्यास ९ अंकी क्रमांक मिळतो. परंतु असे व्यापक उपयोगाचे क्रमांक प्रवेशनाम म्हणून वापरणे इष्ट नाही. प्रवेशनाम चारचौघांत दिसते. संस्थेने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास देऊ नये.

उघडणे सोपे, बंद करणे अवघड

खाते उघडले गेले नाही तर तक्रार येते. खाते बंद झाले नाही तर कोणीच तक्रार करीत नाही. या एका कारणामुळे अनेक कार्यालयांत बदलून गेलेल्या, निवृत्त झालेल्या, इतकेच नव्हे तर दिवंगत झालेल्या व्यक्तींची खाती चालू राहतात. अशी बेवारस खाती म्हणजे कुलूप न लावलेली दारे होत. म्हणून जी आज्ञावली खाती उघडते, तिनेच रोज मूळ नोंदवहीशी ताळा घालून, जे नाव वहीतून कमी झाले आहे त्याचे खाते गोठवावे. एकदम पुसून टाकू नये. ठरलेली मुदत जाऊ द्यावी, म्हणजे चुकीने कमी झालेल्या माणसाला त्याचे टपाल व कागदपत्रे परत मिळतील. बदली झालेल्या कर्मचाऱ्याची नोंद एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर हलविता येते. त्याला नवे खाते देण्याचे कारण नाही. पूर्वीच्या पदामुळे मिळालेले अधिकार मात्र त्याच वेळी काढून घेतले पाहिजेत.

येथे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. समजा, एखाद्या दिवशी यादीची अर्धीच फाइल सर्व्हरवर पोहोचली. आज्ञावलीला वाटेल की निम्मे विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेले, आणि परीक्षेच्या तोंडावर ती त्या सर्वांची खाती गोठवील. म्हणून एक मर्यादा घालून ठेवतात : एका वेळी शेकडा पाचांहून अधिक खाती बंद करण्याचा प्रसंग आला तर थांबावे आणि जबाबदार अधिकाऱ्यास विचारावे. हा आकडा संस्थेनुसार कमीअधिक ठेवता येईल; मर्यादा नसणे मात्र परवडणारे नाही.

यादीवर सही कोणाची?

आज्ञावली आज्ञाधारक असते, न्यायाधीश नसते. यादीत आलेले नाव खरे आहे की खोटे, हे तिला कळत नाही. २०२५ साली नागपूर विभागात अपात्र व्यक्तींच्या नावे बनावट शालार्थ क्रमांक तयार करून वेतन काढल्याच्या आरोपांवरून गुन्हे दाखल झाले आणि त्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्यात आले. शालार्थ ही शिक्षकांच्या वेतनाची प्रणाली आहे, निर्देशिका नव्हे. परंतु या प्रकरणाने उपस्थित केलेला प्रश्न दोहोंस सारखाच लागू पडतो. प्रणालीत नोंद घालण्याचा अधिकार कोणाकडे, तिला मान्यता देण्याचा कोणाकडे आणि तपासण्याचा कोणाकडे? हे तिन्ही अधिकार एकाच हाती असतील, तर उत्तमातील उत्तम आज्ञावलीही खोट्या माणसाला खरे खाते तत्परतेने उघडून देईल.

यास्तव यादी तयार करणारा, ती मंजूर करणारा आणि आज्ञावली चालविणारा ही तीन माणसे निरनिराळी असावीत. आज्ञावलीलाही जरुरीपुरतेच अधिकार द्यावेत. विद्यार्थ्यांची खाती उघडणाऱ्या आज्ञावलीला प्राचार्यांचा पासवर्ड बदलता येता कामा नये. तिचा स्वतःचा पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये. तो मजकूर ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती सगळी निर्देशिकाच पडेल. रोजनामा मात्र अशा ठिकाणी असावा की, आज्ञावली चालविणाऱ्यास तो वाचता यावा पण खोडता येऊ नये.

प्रत्येकाचा वाटा

विदर्भात जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक आजही जातीच्या दाखल्यासाठी शोधले जाते. त्या कोतवालाने नव्वद वर्षांपूर्वी जे लिहिले त्यावर आजच्या नातवाचा दाखला अवलंबून असतो. आज शाळेत संगणकापुढे बसून नाव टंकणारी व्यक्ती त्याच कोतवालाच्या जागी आहे. फरक एवढाच की, तिने लिहिलेले नाव दुसऱ्याच दिवशी अनेक व्यवस्थांत पोहोचते.

यावरून प्रत्येकाचे कर्तव्य स्पष्ट होते. पालकांनी प्रवेशाच्या वेळी नाव कसे लिहिले गेले हे स्वतः वाचून घ्यावे. वाचता येत नसल्यास मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे. तो त्यांचा हक्क आहे. शिक्षकांनी नाव दाखल्यावरून जसेच्या तसे उतरवावे, आपल्या सोयीचे रूप देऊ नये, आणि नाकारलेल्या ओळींची यादी दर आठवड्यास मागून घ्यावी. अधिकाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा निर्देशिकेतील चालू खाती आणि हजेरीपटावरील माणसे यांचा ताळा घालावा, व तो घालण्याचे काम खाती उघडणाऱ्याकडे सोपवू नये.

पाचशे खाती काही मिनिटांत उघडण्याचे सामर्थ्य यंत्राने दिले आहे, आणि त्याचा लाभ घेतलाच पाहिजे. त्यामुळे वाचलेले दिवस, ज्या पाचदहा नावांपाशी आज्ञावली अडली त्यांच्यासाठी खर्च व्हावेत. लांजीच्या त्या कल्पित महाविद्यालयात चारशे नव्वद खाती उघडली, एवढ्याने काम संपत नाही. उरलेल्या दहा विद्यार्थ्यांना कार्यालयात बोलावून, त्यांच्या कागदपत्रांवरून त्यांची नोंद पुरी झाली, म्हणजे ते पूर्ण झाले असे समजावे.